समुद्रातली पवनऊर्जा आणि नागपूर: जड माल उचलणाऱ्या मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाडीचे ट्रान्सपोर्टवाले, हिंगणा आणि बुटीबोरीतले फॅब्रिकेशन शॉपवाले, क्रेनमालक, रिगर (जड माल बांधून क्रेनला लावणारे) आणि नुकतीच आयटीआय झालेली पोरं समुद्रातल्या पवनचक्क्यांबद्दल तेच-तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान लिहिलं आहे. जड माल उचलणं आणि हलवणं हाच माझा धंदा असल्यामुळे त्या भागावर जास्त लिहिलं आहे.

भाऊ, नागपूरला समुद्रच नाही. मग हा विषय आपला काहून?

नकाशा उघडून दोन रस्ते बघा. राष्ट्रीय महामार्ग ५३ गुजरातच्या हजिरापासून निघतो, धुळे, जळगाव, अकोला, अमरावतीवरून नागपुरात येतो आणि पुढे ओडिशातल्या पारादीप बंदरापर्यंत जातो. राष्ट्रीय महामार्ग ४४ श्रीनगरहून येतो, नागपुरातून हिंगणघाट, पांढरकवडा, हैदराबाद, बंगळूरू, मदुराई करत कन्याकुमारीला टेकतो. भारतात समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी आधी दोनच किनारे निवडले आहेत, गुजरातचा आणि तमिळनाडूचा. दोन्हींकडे जाणारे रस्ते आपल्या शहरात एकमेकांना छेदतात.

दुसरं कारण माणसांचं आहे. कोराडी, खापरखेडा, मौदा आणि चंद्रपूरची औष्णिक केंद्रं उभी करताना इथल्या माणसांनी बॉयलरचे ड्रम आणि जनरेटरचे स्टेटर उचलले आहेत. कोराडीतले ६६० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले तेव्हा तिथे राबलेले फिटर, वेल्डर आणि रिगर आजही याच परिसरात आहेत. मेट्रोसाठी वर्धा रोडवर डबल डेकर पूल झाला, गड्डीगोदामला रेल्वेलाइनच्या वर लोखंडी गर्डर चढले. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कोळसा खाणींत अजस्र यंत्रं सुटी करून हलवतात. हा अनुभव पुण्या-मुंबईकडे नाही असं मी म्हणत नाही, पण आपल्याकडे तो एकवटलेला आहे आणि त्याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

डेन्मार्कचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. जगातला पहिला समुद्री पवनप्रकल्प १९९१ साली तिथे विंडेबी इथे झाला. ४५० किलोवॅटच्या ११ चक्क्या, सगळ्या मिळून ५ मेगावॅटच्या आत. त्या बोनस नावाच्या कंपनीने बनवल्या होत्या. ही कंपनी ब्रांडे गावातली, जटलंड द्वीपकल्पाच्या आतल्या भागातली, आणि ती उभी राहिली शेताला पाणी द्यायची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यातून. डेन्मार्क लहान देश आहे, तिथे समुद्र कुठूनच फार लांब नाही, हे खरं. तरी पहिल्या समुद्री प्रकल्पाच्या चक्क्या बंदरातून आल्या नाहीत, सिंचनाची अवजारं करणाऱ्यांकडून आल्या.

भारताच्या समुद्रात आज किती पवनचक्क्या फिरतात?

व्यावसायिक वीज देणारी एकही नाही. हे आधी स्पष्ट सांगतो, कारण उद्याच काम सुरू होणार असं सांगून पोरांकडून पैसे घेणारे लोक भेटतात.

राष्ट्रीय धोरण २०१५ साली आलं. चेन्नईची राष्ट्रीय पवनऊर्जा संस्था या कामाची नोडल संस्था आहे. २०१७ च्या अखेरीस खंबातच्या आखातात, पिपावावजवळ, वारा मोजायचं लायडार यंत्र बसलं. गुजरात आणि तमिळनाडू मिळून सुमारे ७० गिगावॅट क्षमतेचा अंदाज आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची व्यवहार्यता तफावत निधी योजना, म्हणजे प्रकल्पाला कमी पडणारा पैसा सरकारने भरायची योजना, मंजूर केली. त्यातले ६,८५३ कोटी दोन्ही किनाऱ्यांवर प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी आणि ६०० कोटी दोन बंदरं जड मालासाठी तयार करायला. त्यानंतरची वाट सरळ गेलेली नाही, निविदांच्या तारखा पुढे सरकत राहिल्या. म्हणून तयारी करा, पण त्या भरवशावर कर्ज काढू नका.

जमिनीवरची गोष्ट वेगळी आहे. २०२५ मध्ये देशातली जमिनीवरची पवनक्षमता ५० गिगावॅटच्या पुढे गेली. सातारा, सांगली, धुळे, नंदुरबार, बीड, धाराशिव, कर्नाटक, गुजरात इथे काम आजही चालू आहे. शिकायचं तिथेच.

नागपुरातच पवनचक्क्या का लावत नाहीत?

वारा कमी आहे. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा आठपट होते, निम्मा झाला की आठवा भाग उरतो. आपल्याकडची उन्हाळ्यातली वावटळ जोराची वाटते, पण वर्षाची सरासरी काढली तर हिशोब बसत नाही. समुद्रावर अडथळा नसतो, वारा जास्त आणि एकसारखा वाहतो.

समुद्रातल्या चक्कीचे भाग केवढे असतात?

जमिनीवर आता ३ ते ५ मेगावॅटच्या चक्क्या लागतात, पातं ७० ते ८० मीटरचं. समुद्रात १५ मेगावॅटच्या चक्क्या आल्या आहेत. वेस्टासच्या व्ही २३६ या चक्कीचं एक पातं ११५.५ मीटर लांब आहे. तिन्ही पाती फिरताना जेवढा गोल व्यापतात त्याचं क्षेत्रफळ ४३,७४२ चौरस मीटर, म्हणजे जवळपास ११ एकर. वरची नॅसेल, ज्यात जनरेटर असतो, या वर्गात पाचशे-सहाशे टनांच्या घरात जाते. पाया म्हणून समुद्रतळात ठोकलेला मोनोपाइल ८ ते १० मीटर व्यासाचा आणि हजार-दोन हजार टनांचा असू शकतो.

एवढे भाग नागपूरहून ट्रेलरने जातील?

नाही. आपल्याकडे महामार्गावरच्या पुलाखाली साधारण ५.५ मीटर उंची मोकळी असते. ८ मीटर व्यासाचा पाइप त्याखालून कसा नेणार? त्यामुळे मोनोपाइल, समुद्री मनोऱ्याचे तुकडे आणि मोठी पाती बनवणारे कारखाने धक्क्याला लागूनच असावे लागतात. जगभर तसंच झालं आहे. नागपुरात समुद्री पात्यांचा कारखाना येणार असं कुणी सांगितलं तर त्याला पुलाची उंची विचारा.

इथून जाऊ शकतं ते असं: मनोऱ्याच्या आतल्या शिड्या, प्लॅटफॉर्म, रेलिंग, केबल ट्रे, बोट लावायच्या जागेचं लोखंडी काम. या सगळ्याला उद्योगात सेकंडरी स्टील म्हणतात. शिवाय माल बांधायच्या फ्रेम, जहाजाच्या डेकवर माल जखडायचे ब्रॅकेट, उचलायचे बीम आणि स्प्रेडर (दोर फाकवून धरणारे आडवे बीम). हे सगळं साध्या ट्रेलरवर बसतं आणि औष्णिक केंद्रांचं स्ट्रक्चरल काम केलेल्या शॉपला नवखं नाही. भिलाईचं प्लेट स्टील आपल्याला जवळ आहे. पोलादात लागणारं मँगनीज तर आपल्याच जिल्ह्यातून निघतं. मॉइल या सरकारी मँगनीज कंपनीच्या मनसर, कांद्री, गुमगावच्या खाणी नागपूर जिल्ह्यातल्याच आहेत.

समुद्रात क्रेन उभी तरी कशी राहते?

हा माझा आवडीचा प्रश्न, म्हणून उत्तर लांबेल.

तरंगत्या जहाजावरून चक्की बसवायची म्हटलं तर लाटेबरोबर हूक वर-खाली होतो. मनोऱ्याच्या माथ्यावर नॅसेल बसवताना शंभराहून जास्त बोल्टची भोकं मिलिमीटरच्या हिशोबाने जुळवायची असतात. ते तरंगत करणं जवळपास अशक्य. म्हणून जॅक-अप जहाज वापरतात. त्याला चार किंवा सहा लांब पाय असतात. जागेवर गेलं की पाय खाली समुद्रतळावर टेकवतात आणि मग अख्खं जहाज स्वतःला पाण्याच्या वर उचलून घेतं. आता ते जहाज राहत नाही, फलाट होतो आणि त्यावरची क्रेन जमिनीवरच्यासारखी स्थिर काम करते. इंग्लंडच्या पूर्वेला डॉगर बँक प्रकल्पात काम करणाऱ्या व्होल्टेअर नावाच्या अशा जहाजाची मुख्य क्रेन ३,००० टनांहून जास्त क्षमतेची आहे.

धोका कुठे आहे? क्रेनमध्ये नाही, पायाखाली आहे. समुद्रतळाला वर कडक थर आणि खाली मऊ चिकणमाती असेल, तर वजन वाढल्यावर पाय कडक थर फोडून एकदम खाली घुसतो. त्याला पंच-थ्रू म्हणतात आणि त्याने जहाजं कलंडली आहेत. म्हणून काम सुरू करण्याआधी पायांवर मुद्दाम जास्त भार देऊन बघतात. तळ बसायचा असेल तेवढा आधीच बसू दे, मग हूक लावायचा. खंबातच्या आखातात तळाशी चिकणमातीचे थर आहेत, भरती-ओहोटीचा प्रवाह जोरदार आहे, त्यामुळे तिथे माती तपासणं हाच अर्धा प्रकल्प आहे.

आता आपल्या काळ्या मातीकडे या. काळी माती कोरडी असताना प्रति चौरस मीटर १५ टन भार धरून चालतात. क्रेनच्या एका आउटरिगरवर (बाजूला काढायच्या आधाराच्या पायावर) ६० टन येत असतील तर त्याखाली किमान ४ चौरस मीटर पसरट आधार हवा, दोन मीटर बाय दोन मीटर. साइटवर काय दिसतं? चार स्लीपर आडवे-उभे टाकलेले. आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की तो १५ चा आकडाही धरायचा नाही, माती पुन्हा तपासायची. ज्याला बुटीबोरीच्या काळ्या मातीत क्रेन नीट उभी करता येते, त्याला जॅक-अपचं तत्त्व समजवायला वेळ लागत नाही.

५०० टनी क्रेन म्हणजे ५०० टन उचलते ना?

नाही. तो आकडा क्रेनच्या अगदी जवळ, साधारण ३ मीटर त्रिज्येवर, ठरावीक मांडणीत मिळतो आणि प्रत्यक्ष कामात तिथे माल कधीच नसतो. बूम (क्रेनचा हात) लांब केला आणि माल २५-३० मीटरवर गेला की तीच क्रेन अगदी थोड्या टनांवर येते. म्हणून लोड चार्ट बघायचा: बूमची लांबी, त्रिज्या, काउंटरवेट किती, आउटरिगर पूर्ण बाहेर की अर्धे. चार्टमधल्या आकड्यातून हूक ब्लॉक, स्लिंग (माल बांधायचे दोर), शॅकल (जोडायच्या कड्या), स्प्रेडर यांचं वजन वजा करायचं आणि उरतं तेवढंच आपल्या मालासाठी. मालाचं वजन ड्रॉइंगवर लिहिलंय म्हणून मानू नका. आत तेल आहे का, पाणी साचलंय का, पॅकिंग धरलंय का, ते विचारा.

आणि सेफ लोड इंडिकेटर बंद करून लिफ्ट मारणारा ऑपरेटर कितीही जुना, कितीही हुशार असो, त्याला खाली उतरवा. या बाबतीत मी कुणाशी वाद घालत नाही.

स्लिंगच्या कोनाने खरंच एवढा फरक पडतो?

१० टनांचा माल दोन पायांच्या स्लिंगने उचलताय. स्लिंग आडव्या रेषेशी ६० अंशांवर असेल तर प्रत्येक पायावर सुमारे ५.८ टन येतात. ४५ अंशांवर ७.१ टन. ३० अंशांवर प्रत्येकी पूर्ण १० टन, म्हणजे दोन स्लिंग लावूनही एकावर पूर्ण वजन. त्याखाली गेलात तर मालापेक्षा जास्त ताण. हेडरूम कमी आहे म्हणून आखूड स्लिंग लावणं आपल्याकडे सर्रास चालतं आणि तिथेच डी-शॅकल वाकते. उत्तर सोपं आहे, स्प्रेडर बीम लावा. तो नसेल तर काम थांबवून मागवा. भाडं अपघाताच्या खर्चापुढे काहीच नाही.

चार पायांच्या स्लिंगमध्ये चारही पाय सारखं वजन घेतात असं धरू नका. कडक माल असेल तर बहुतेक वेळा दोन-तीनच पाय खरे ताणलेले असतात.

वारा किती असला की लिफ्ट थांबवायची?

प्रत्येक क्रेनच्या चार्टवर मर्यादा लिहिलेली असते आणि मालाचं क्षेत्रफळ मोठं असेल तर ती आणखी खाली आणावी लागते. पात्यासारखा माल साधारण सेकंदाला १० ते १२ मीटर वाऱ्यापर्यंत उचलतात, म्हणजे ताशी ३६ ते ४३ किलोमीटर. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ६ वरून १२ वर गेला की दाब चौपट. पातं तर वारा पकडण्यासाठीच घडवलेलं असतं, त्यामुळे ते हूकवर सुद्धा तेच करू पाहतं. खालून टॅगलाइन (माल फिरू नये म्हणून बांधलेला दोर) धरणारी माणसं कमी पडतात म्हणून आता पात्याला पकडणाऱ्या खास चौकटी आणि विंचवर चालणाऱ्या टॅगलाइन वापरतात.

आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात जोराचा वारा पावसाळ्यात, त्यामुळे उभारणी पावसाळा सोडूनच करावी लागणार. मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये चक्रीवादळं. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा कामगारांचा बार्ज बुडाला आणि अनेक माणसं गेली. समुद्रातल्या कामात हवामानाचा इशारा आला की काम थांबवणं आणि माणसं परत आणणं, याला दुसरा पर्याय नसतो.

एसपीएमटी आणि आपला हायड्रॉलिक एक्सल यांत काय फरक?

हायड्रॉलिक एक्सल ट्रेलर पुलरने, म्हणजे ताकदवान ट्रकने, ओढावा लागतो. एसपीएमटी म्हणजे स्वतः चालणारा ट्रेलर, त्याला स्वतःचं इंजिन आणि स्वतःची चाकं फिरवायची यंत्रणा असते. प्रत्येक चाकजोडी संगणकाने स्वतंत्र वळते, त्यामुळे ते आडवं, तिरकं, जागच्या जागी गोल असं कसंही जातं. चाकांच्या एका ओळीवर ४० टन किंवा त्याहून जास्त भार धरतात आणि हव्या तेवढ्या ओळी जोडता येतात. १९८० च्या दशकात जर्मनीत हे विकसित झालं. बंदराच्या आवारात मोनोपाइल, नॅसेल हलवायला हेच लागतं, कारण तिथे जमीन सपाट आणि अंतर कमी. महामार्गावर लांब पल्ल्याला आपला पुलर आणि एक्सलच बरा. दोन्हीकडे मूळ विद्या एकच आहे: भार सगळ्या एक्सलवर सारखा वाटणं. हायड्रॉलिक सर्किट तीन की चार पॉइंटचं धरायचं, गुरुत्वमध्य त्याच्या आत कुठे पडतो, हे ज्याला कळतं तो माणूस बंदरात लगेच कामाला येतो.

ओडीसीचा (नेहमीच्या मापापेक्षा मोठ्या मालाचा) रूट सर्व्हे नेमका कसा करायचा?

गाडीत बसून फोनवर नकाशा बघणं म्हणजे सर्व्हे नव्हे. माणूस रस्त्यावर उतरला पाहिजे. टेप, उंची मोजायची काठी आणि वही घेऊन.

आधी पूल आणि रेल्वेचे पूल: उंची, आणि वरून जायचं असेल तर भार. मग विजेच्या तारा. महावितरणकडून लाइन बंद करून घ्यायला वेळ लागतो, तो आधीच धरा. मग वळणं. लांब पात्याला चाकाची वाट वेगळी लागते आणि मागच्या टोकाची वेगळी. टोक शेतावरून, भिंतीवरून, कुणाच्या दुकानाच्या पाटीवरून जातं, म्हणून त्या शेतकऱ्याशी, दुकानदाराशी आधी बोलायला हवं. आदल्या रात्री जाऊन झाड तोडायला सांगितलं की गाव रस्त्यावर उतरतो आणि ते बरोबरच करतो. पिकाची भरपाई, तोडलेल्या कुंपणाची दुरुस्ती, कोण कधी पैसे देणार, हे लिहून द्या. टोलनाक्याची कडेची रुंद लेन खरंच उघडी आहे का, तेही बघून या. नागपूरहून सुरतेकडे निघालेली गाडी अमरावतीत अडकली तर मागे फिरवायला जागा मिळत नाही.

उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे गेलं की दुपारी गाडी उभी करायची आणि पहाटे निघायचं. ड्रायव्हर आणि क्लीनरच्या झोपेचे तास शेड्यूलमध्ये लिहायचे, उरल्यासुरल्या वेळात नाही.

'स्थानिक सहभाग' म्हणजे नेमकं काय? नुसती चहाची टपरी की काही खरं काम?

जिथे आधीपासून ठरवलं तिथे खरं काम मिळालं. डेन्मार्कचं एस्बियर्ग मासेमारीचं बंदर होतं. २००२ मध्ये जवळच्या समुद्रात हॉर्न्स रेव्ह प्रकल्पाच्या ८० चक्क्या लागल्या आणि पुढे ते पवनऊर्जेचं मोठं बंदर झालं. इंग्लंडमधल्या हल शहरात २०१६ मध्ये पात्यांचा कारखाना आला आणि सुमारे १,००० लोकांना काम मिळालं. जवळचं ग्रिम्सबी, तेही मासेमारीचं गाव, आता चक्क्यांच्या देखभालीचं ठाणं आहे. ब्रिटनने २०१९ च्या करारात २०३० पर्यंत ६० टक्के काम देशात व्हावं असं लक्ष्य ठेवलं होतं.

आपल्यासाठी अमेरिकेचं उदाहरण जास्त कामाचं. २०१६ मध्ये ऱ्होड आयलंडजवळ ब्लॉक आयलंड हा तिथला पहिला व्यावसायिक समुद्री प्रकल्प सुरू झाला, ५ चक्क्या, ३० मेगावॅट. त्याचे लोखंडी पाये बनले कुठे? दूर दक्षिणेला लुइझियानात, तेलविहिरींचे फलाट बनवणाऱ्या शॉपमध्ये. त्या लोकांनी आयुष्यात पवनचक्की बनवली नव्हती, पण समुद्रात टिकणारं वेल्डिंग त्यांना येत होतं.

देखभाल हा भाग लोक विसरतात. उभारणी दोन-तीन वर्षांत संपते, चक्की २५ वर्षं चालते. टेक्निशियन, बोल्टचा टॉर्क तपासणारे, दोरावर लटकून पात्यांची दुरुस्ती करणारे कामगार, सुट्या भागांचं गोदाम, हे काम वर्षानुवर्षं राहतं. ते किनाऱ्यावरच्या लोकांना आधी मिळावं असं मला मनापासून वाटतं. ज्या कोळ्यांच्या मासेमारीच्या जागेत चक्क्या उभ्या राहणार, त्यांचा हक्क पहिला. आपण नागपूरहून जायचं ते त्यांची जागा घ्यायला नाही, जे कौशल्य तिथे नाही ते पुरवायला.

माझं हिंगण्यात छोटं फॅब्रिकेशन शॉप आहे. काय तयारी करू?

मशीन घेण्याआधी कागद सुधारा. समुद्री कामात प्रत्येक प्लेटचा हीट नंबर (पोलाद कोणत्या ओतणीतलं ते सांगणारा) शेवटच्या तुकड्यापर्यंत शोधता आला पाहिजे. मटेरियलचं ३.१ प्रमाणपत्र (कारखान्याने दिलेला तपासणीचा कागद), वेल्डिंगची लिखित पद्धत, वेल्डरची चाचणी, अल्ट्रासॉनिक तपासणीचे अहवाल लागतात. वेल्डिंगच्या गुणवत्तेसाठी आयएसओ ३८३४ आणि स्ट्रक्चरल स्टीलसाठी ईएन १०९० ही नावं निविदेत दिसतील. रंगकामासाठी आयएसओ १२९४४, त्यातही समुद्रासाठीची सीएक्स श्रेणी. आपण कोरड्या हवेत काम करतो, त्यामुळे रंगाकडे दुर्लक्ष करायची सवय आहे. ब्लास्टिंगनंतर किती वेळात प्रायमर, हवेतली आर्द्रता किती, कडा गोल केल्या का, प्रत्येक थराची जाडी किती मायक्रॉन, हे सगळं नोंदवावं लागतं. खाऱ्या हवेत एक टोकदार कड रंग सोडते आणि तिथून गंज आत शिरतो.

जमिनीवरच्या चक्क्यांचं सेकंडरी स्टील आधी करून बघा. तिथे ऑडिट पास झालात की पुढचा दरवाजा उघडा होतो.

आमच्या पोट्ट्यांनी कोणतं ट्रेनिंग करावं?

फिटर, वेल्डर किंवा इलेक्ट्रिशियनचा आयटीआय पाया म्हणून चांगला. गोपाळनगरला राष्ट्रीय वीज प्रशिक्षण संस्थेचं केंद्र आहे, तिथले अभ्यासक्रम बघा. स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्जने पवनऊर्जा टेक्निशियनसाठी कौशल्यमानकं ठरवली आहेत.

पवनचक्कीवर चढायचं तर जगभर जीडब्ल्यूओचं (ग्लोबल विंड ऑर्गनायझेशनचं) मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण मागतात. त्यात प्रथमोपचार, वजन हाताळणं, आगीची जाणीव आणि उंचीवरचं काम हे चार भाग जमिनीवरच्यांनाही लागतात. पाचवा, समुद्रात जीव वाचवण्याचा, फक्त समुद्रात जाणाऱ्यांना. प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं, मग उजळणी. प्रत्येक प्रशिक्षणार्थीला विंडा नावाच्या नोंदवहीत क्रमांक मिळतो आणि प्रमाणपत्र तिथे ऑनलाइन चढतं. कुणी छापील सर्टिफिकेट देऊन विंडा क्रमांक देत नसेल तर पैसे देऊ नका. केंद्रांची यादी जीडब्ल्यूओच्या संकेतस्थळावर आहे, ती स्वतः बघा, एजंटच्या मोबाइलवर नाही.

आज समुद्राचा पाचवा भाग करायची घाई नको. चार भाग करा, जमिनीवरच्या साइटवर दोन-तीन वर्षं घाम गाळा.

मी हायड्रा (माल लटकवून चालणारी छोटी क्रेन) चालवतो. मोठ्या क्रेनवर जाता येईल?

येईल. पण हायड्राच्या सवयी सोडाव्या लागतील. माल लटकवून चालत जाणं, हेल्परने हाताने माल धरून पुढे चालणं, सिग्नलमन नसताना अंदाजाने बूम खाली घेणं. हेल्पर चाकाखाली येण्याचे अपघात याच पद्धतीने होतात. मोठ्या क्रेनवर एकच सिग्नलमन असतो, त्याच्याच हाताकडे बघायचं. थांबण्याची खूण मात्र कुणीही करू शकतो आणि ती लगेच पाळायची. आधी मोठ्या क्रेनवर असिस्टंट म्हणून जा, काउंटरवेट जोडणं, बूम असेंबली शिका. देशातली सगळ्यात मोठी क्रेन भाड्याने देणारी कंपनी, सांघवी मूव्हर्स, पुण्याचीच आहे आणि पवनचक्क्या हे तिचं मोठं काम आहे. म्हणजे मराठी बोलून शिकायची सोय या धंद्यात आहे.

आत्ताच मोठी क्रॉलर (पट्ट्यांवर चालणारी) क्रेन घेऊन ठेवू का?

समुद्रासाठी म्हणून नको. जॅक-अपवरची क्रेन जहाजाचाच भाग असते, तुमची क्रॉलर तिथे चढणार नाही. बंदरातल्या जोडणीच्या कामाला क्रॉलर लागतात, पण त्या कामाची तारीख आज कुणाच्या हातात नाही. जमिनीवरच्या १४०-१६० मीटर उंच मनोऱ्यांची कामं हातात असतील तर तेवढ्याच हिशोबाने घ्या.

ऑडिटला येणारे लोक आधी काय बघतात?

ऑफिस बघत नाहीत, स्टोअर बघतात. स्लिंग खुंटीवर टांगलेत की चिखलात पडलेत. प्रत्येक स्लिंगवर, शॅकलवर ओळख क्रमांक आणि क्षमता कोरलेली आहे का. सक्षम व्यक्तीची वर्षातली तपासणी झाली आहे का आणि त्या कागदावरचा क्रमांक वस्तूवरच्या क्रमांकाशी जुळतो का. तुटलेल्या तारांचा वायर रोप कापून भंगारात टाकला की 'अजून चालेल' म्हणून कोपऱ्यात ठेवला. मग ते एखाद्या हेल्परला बाजूला घेऊन विचारतात: तुझा पगार बँकेत येतो का, विमा आहे का, लिफ्ट चुकीची वाटली तर तू थांबवू शकतोस का? मालक शेजारी नसताना. तेव्हा हेल्परांचे पीएफचे नंबर, विम्याचे कागद आणि बूट-हेल्मेट दिल्याची सहीची नोंद स्टोअरच्याच फायलीत ठेवा, आणि थांबवायचा अधिकार त्यांना आजच, सगळ्यांसमोर सांगून द्या.